हाउसबोटीला पायडल नसतं

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून कुरकुर नको.

मी एक जुना राजहंस आहे. नवेगाव बांधच्या तळ्यावर लोक मला बदक म्हणतात, तिकडे लक्ष देऊ नका. चोच अर्धी तुटल्यामुळे त्यांना तसा भास होतो. माझा मालक श्यामलाल सांगतो की मी कुठल्याशा कारखान्यात साच्यातून निघालो आणि ट्रकवर पाठ टेकून इथं आलो. मासे धरणारा माणूस तो, त्याला काय कळतं! मी अंड्यातून निघालो. ते अंडं एवढं मोठं होतं की गोंदिया स्टेशनवर मालगाडीचा अख्खा डबा त्याच्यासाठी रिकामा करावा लागला. फुटलं तेव्हा कुडव्याच्या एका माणसानं अर्धं टरफल उचलून नेलं आणि त्याखाली मोटरसायकल ठेवायची सोय केली. पावसाळ्यात एक थेंब गळत नाही म्हणे.

हसा, हसा. तुम्ही फुलचूरच्या शाळेचे ना? सहलीला आलात, गुरुजी तिकडे मोहाच्या झाडाखाली पेंगताहेत, आणि तुम्ही डबे घेऊन माझ्या पोटात सावलीला बसलात. बसा. बरं वाटलं. पण पोह्यातले शेंगदाणे खाली सांडू नका. मुंग्या येतात आणि मग त्याच माझ्या सवाऱ्या होतात.

एकेकाळी माझ्यात बसायला माणसं रांगेत उभी राहायची. पांढरा शुभ्र रंग, लाल चोच, पोटात दोन बैठका आणि प्रत्येक बैठकीपुढे दोन पायडलं. सायकलसारखे पाय मारायचे, की मी निघालो पाणी कापत. श्यामलाल सकाळी जाळं आवरून आला की आधी माझी मान पुसायचा, मग स्वतःचं तोंड धुवायचा.

हिवाळ्यात तळ्यावर परदेशी पाखरं उतरतात, ती तुम्ही पाहिलीच असतील. एका वर्षी ती परत निघाली तेव्हा माझा दोर सुटला. मग काय, गेलो त्यांच्याबरोबर थेट सायबेरियाला. हिमालयावर माझं पायडल गोठलं, तेव्हा दोन बदकांनी चोचीनं ऊब देऊन ते सोडवलं. तिथं महिनाभर राहिलो. पाखरांचं एक फार चांगलं आहे, मित्रांनो. एवढा लांबचा प्रवास करतात, पण परत आल्यावर शेजारच्या बगळ्याला कोणी सांगत बसत नाही की यंदा आम्ही कुठं गेलो आणि किती खर्च आला.

माणसांचं वेगळं असतं. ते मी इथं बसल्या बसल्या ऐकलं आहे. बायकोपोरांना घेऊन आलेला एखादा काठावर उभा राहून फोनवर सांगतो, "अरे भाई, इस बार तो फ्लाइट से गए थे, पूरा पॅकेज लिया था." फोन ठेवतो आणि श्यामलालला विचारतो, "अर्ध्या तासाले शंभर? पाण्यातच फिरवतो का आभाळात नेतो?" अलीकडे तर बहुतेक जण तिकीटही काढत नाहीत. माझ्या मानेला टेकून उभे राहतात, ओठ काढून फोटो घेतात, आणि चालले. फोटोत आम्ही खूप फिरलेलो असतो.

तरी मी एका घरासाठी थांबलो आहे. त्यांचीच गोष्ट सांगायची म्हणून तुम्हाला बसवलं.

भुपेंद्र नावाचा माणूस. गोंदियात मोबाइलचं दुकान, राहायला कुडव्यात. त्याचे वडील शालीकराम, आई देवकाबाई. दोघांनी आयुष्यभर धानाची शेती केली, आता लेकाकडे असतात. भुपेंद्र मोठा मायाळू पोरगा. आईनं कधी काही पाहिलं नाही, म्हणून त्यानं वर्षभर पैसे साठवून सगळ्यांना मनालीला नेलं. बर्फ दाखवला. तिथून आल्यावर हिवाळ्यातल्या एका रविवारी, सहज म्हणून, घरची सगळी मंडळी जेवणाचे डबे घेऊन या तळ्यावर आली.

देवकाबाईंचं माहेर या तळ्याच्या पलीकडच्या अंगाला. लहानपणी काठावर म्हशी धुतल्या, कपडे आपटले, पण पाण्यावर कधी बसल्या नव्हत्या. डोंग्यात बाप्ये बसत, बाया काठावर.

"मी नाही बसत जी," त्या म्हणाल्या. "बुडलो म्हणजे?"

"बुडलो तं दोघंही बुडू," शालीकराम म्हणाले. "स्वयंपाकाची चिंता तं मिटन."

"तुमाले पोटाचंच सुचते."

"बस, बस. पोट्टे पाहून राहिले."

बसल्या. लुगडं गुडघ्यात घट्ट धरलं, एका हातानं माझी मान आवळली. इतकी, की मला ठसका लागला. मग पायडलावर पाय ठेवले. त्या पायांनी सारा जन्म रोवणा केला होता. धान रोवताना बाई वाकून मागं मागं सरकत जाते हे तुम्हाला ठाऊक आहे. रोप पुढं राहतं आणि आपण मागं. देवकाबाईंनी एक पाय मारला, दुसरा मारला, आणि काठ दूर जायला लागला तशा त्या एकदम ओरडल्या,

"अवो! आपण तं समोर जाऊन राहिलो!"

आणि हसल्या. मित्रांनो, ते हसणं मी कसं सांगू? तळ्यातल्या पाणकोंबड्या फडफडून उडाल्या. पलीकडच्या डोंगरावरून ते परत आलं, तेव्हा त्यालाही त्या हसल्या. शालीकराम दमले, म्हणाले, "थांब न वं." या कशाला थांबतात! कमळाच्या वेलीत शिरल्या, एक बोंड तोडलं, दातानं सोललं, अर्धं नवऱ्याच्या तोंडात कोंबलं. अर्धा तास संपला, श्यामलालनं शिट्टी मारली, तिकडे कोणी पाहिलंच नाही.

काठावर भुपेंद्र मोबाइलनं व्हिडिओ काढत होता. आई खाली उतरली तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"माय, मनालीत तं तू रजईतून तोंड बाहेर नाही काढलं."

"तिथं थंडी होती बाबू."

"बर्फ पाहाले नेलं होतं तुले. सारे खेळून राहिले, अन् तू म्हणे खोलीत बसतो. एवढा खर्च केला मी..."

"मी म्हटलं होतं का कर म्हणून?"

झालं. भुपेंद्रनं मोबाइल खिशात टाकला आणि पाण्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याची बायको भूमिका हळूच म्हणाली, "राहू द्या न जी. आई हसल्या न, बस झालं." खरं तर बस व्हायला हवं होतं. पण त्याला ते लागलं. एवढं सगळं करून जे मिळालं नाही, ते या तुटक्या चोचीच्या... या राजहंसानं फुकटात मिळवलं, असं त्याला वाटलं असावं. आणि दुकानात लोक विचारत असतील ना, इस बार कहाँ गए? त्यांना काय सांगायचं, नवेगाव बांध?

निघताना देवकाबाईंनी माझ्या मानेवर थाप मारली. म्हशीच्या मानेवर मारतात तशी. म्हणाल्या, "येतो बाप्पा अजून. पुढच्या हिवाळ्यात येतो."

तो हिवाळा आला. पाखरं आली. देवकाबाई आल्या नाहीत.

एका दुपारी श्यामलाल माझ्या कडेवर बसून जाळं सांधत होता, तेव्हा शालीकरामांचा फोन आला. मासोळीसाठी त्यांनी त्याचा नंबर घेऊन ठेवला होता. श्यामलालला कमी ऐकू येतं, तो फोन मोठ्या आवाजावर ठेवतो, म्हणून मलाही सगळं ऐकू आलं.

"अरे श्यामलाल, पोट्ट्यानं आमाले केरळले नेलं. म्हणे मायले बोट आवडते, तं मोठ्या बोटीत बसवतो. हाउसबोट! तिच्यात पलंग, टीव्ही, एसी. रांधाले दोन माणसं."

"मंग? काकी खुश असन!"

"कायची खुश. सकाळपासून खुर्चीवर चूप बसली. मंग त्या बोटवाल्याले विचारते, काऊन भाऊ, याले पायडल कोठं आहे?"

श्यामलाल खो खो हसला. पलीकडून हसण्याचा आवाज आला नाही.

"भुपेंद्र उठून बाहेर जाऊन उभा राहिला," शालीकराम म्हणाले. "रात्री जेवलाही नाही. आता म्हणते, अंदमानले नेतो. विमानानं. काचेची बोट राहते म्हणे, खालची मासोळी दिसते."

"मासोळी तं मी घरी आणून देतो जी. इकडंच आणा न काकीले. कुडव्यावरून किती दूर आहे?"

"म्हटलं मी. तं म्हणते, बाबूजी, मायले का त्या तुटक्या बदकात बसवू? लोकं का म्हणतीन?"

बदक! फोनवरून! मी तो सगळा दिवस मान वर केली नाही. तशी ती माझी खालीच होत नाही म्हणा, साचा तसा आहे. अंडं, अंडं म्हणायचं होतं मला.

त्या हाउसबोटीचा मी राग धरला नाही. ती मोठी, तिच्यात पलंग. पण तिच्यात बसलेल्या माणसाला काही करायचंच नसतं, हे मला समजलं तेव्हा तिची दया आली. देवकाबाईंच्या पायांना काय हवं होतं ते तिला कुणी सांगितलं नसणार.

तिकडे अंदमानचे पैसे जमत होते, इकडे माझा रंग उडत होता. पोटात शेवाळ धरलं. कुणीतरी मानेवर खिळ्यानं बदाम कोरला. रविवारी गाड्या येतात, माणसं उतरतात, भजी खातात, जातात. संध्याकाळी श्यामलाल सायकलवर बसतो आणि वळूनही पाहत नाही. मग एवढं मोठं तळं आणि मी. मी पाण्याशी बोलून पाहिलं. ते आपल्याच नादात असतं.

आणि मग मुन्नालाल आला. भंगारवाला. त्यानं माझ्या पोटावर बोटांनी टकटक केलं, कलिंगड पाहतात तसं.

"फायबर का कुछ नहीं मिलेगा, दादा. अंदर लोहा कितना है?"

श्यामलालनं हातातलं जाळं खाली ठेवलं. मग म्हणाला, "होळीपर्यंत थांब. एक म्हातारी येतो म्हणून गेली आहे. ते आली, बसली, तं मी याले रंग देतो, चोच लावतो. नाही आली तं ने मंग."

"म्हातारी लोग बोलते हैं ऐसा."

"होळीपर्यंत थांब म्हटलं न!"

समोर पाहा, पळस फुलला आहे. होळी किती लांब आहे ते तुम्हालाही कळतं. पाखरांचे दोन थवे कालच उठून गेले. मी त्यांना विचारलं, मला न्याल का? पण यंदा माझा दोर पक्का आहे.

अरे, तोंडं का पाडता? ऐका तर पुढचं. घाबरू नका, मित्रांनो, त्या आल्या!

हो, आल्या ना! गेल्या रविवारी. अंदमान सोडून आल्या. भुपेंद्रच घेऊन आला. गाडीतून उतरल्याबरोबर देवकाबाई तरातरा माझ्याकडे आल्या, म्हणाल्या, "काऊन बाप्पा, बरा आहेस न?" या खेपेला शालीकराम काठावर राहिले आणि शेजारच्या बैठकीवर भुपेंद्र स्वतः बसला. मोबाइल बायकोकडे दिला. आधी अवघडून बसला होता, गोंदियाचं कोणी पाहतं की काय म्हणून. मग आई म्हणाली, "मार न पाय! दुकानात बसून बसून लुळा झाला का?" तसा लागला मारायला. पायडलं अशी गरगर फिरली की पाण्याला फेस आला. तळ्याच्या मधोमध गेलो. तिथं दोघं थांबले. भुपेंद्र म्हणाला, "माय, मले वाटलं तुले माह्यासंगं कुठंच आवडत नाही." त्या म्हणाल्या, "अरे लेका, तू मले नुसतं बसवून ठेवतं. बसाची सवय नाही मले." आणि हसल्या. तसंच. पाणकोंबड्या उडाल्या, डोंगरावरून हसणं परत आलं, सगळं तसंच. श्यामलालनं काठावरूनच मुन्नालालला फोन लावला आणि सांगितलं, येऊ नको.

म्हणून मित्रांनो, या जुन्या राजहंसाची तुम्हाला एवढीच विनंती आहे. मोठे झालात, कमावते झालात, की आपल्या माणसांना कुठंही न्या. महाग न्या, स्वस्त न्या, माझी काही हरकत नाही. पण नेण्याआधी त्यांना एकदा विचारा, तुला काय करायला आवडेल? आणि कुठं जुनं काही बांधून ठेवलेलं दिसलं, तर नुसता फोटो काढून जाऊ नका. थोडा वेळ बसा, हात फिरवा, त्यालाही...

"लबाड!"

बोलली ती टीना. दोन वेण्यांची, मघापासून एक शब्द न बोलता खात बसलेली. डबा बाजूला ठेवून ती खाली वाकली होती, तिचं डोकं पार बैठकीखाली गेलं होतं.

"लबाड बोलून राहिला तू. हे पाह्य, पायडलाच्या दांडीले कुंभारीण माशीचं घर आहे. मातीचं. या बाजूनं दांडीले चिकटलं आहे, त्या बाजूनं तुह्या पोटाले. जुनं आहे, सुकून टणक झालं आहे. त्या पायडलालेही आहे. रविवारी फिरलं असतं तं हे फुटलं नसतं का?"

"मंग सायबेरिया?" शेजारचा गुड्डू म्हणाला. "तेही लबाड का?"

"चूप बस न बे. ते तं मी मानून घेतलं होतं," टीना म्हणाली. तिनं बोटानं ती माती चाचपून पाहिली, पण फोडली नाही. मग मान वर करून माझ्या तुटक्या चोचीकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं,

"कोणीच नाही आलं न तुह्याकडं?"