साडूचा गिअर

सासूबाईंना दोन जावई. थोरला मी, सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारा. धाकटा माझा साडू, सायकलच्या कारखान्यात इंजिनिअर. 'आमचे धाकटे जावई किती हुशार' हे वाक्य त्यांच्या घरी पाण्याच्या पेल्याबरोबरच पुढे येतं.

त्यात साडूने आपोआप बदलणाऱ्या गिअरच्या पेटंटसाठी अर्ज केला. चाकाने वेग घेतला की आतली वजनं बाहेर सरकतात आणि गिअर बदलतो. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हाच गिअर मी कितीतरी आधी बायकोच्या सायकलला बसवला होता, आणि त्याने तो पाहिला होता. म्हणजे मी खपायचं आणि हा आयत्या बिळावर नागोबा. मी पेटंट ऑफिसात हरकत घेतली. मला मिळालं नाही तरी चालेल, त्याला मिळता कामा नये.

"हा गिअर रस्त्यावर आधीपासून चालतोय, एवढंच दाखवायचंय," मी बायकोला बजावलं. "तू रोज चालवतेस, तेवढं सांग."

"विचारतील ते सांगेन," ती म्हणाली.

सुनावणीच्या खोलीत मी सायकल स्टँडवर चढवली. माझी चाचणी नेहमी स्टँडवरच. एकदा बसवलेलं काम मी पुन्हा उघडत नाही, तशी वेळच येत नाही. साहेबांसमोर ऐटीत पायडल फिरवलं. चाक गरगरलं, गिअर काही बदलेना. साडू खाली मान घालून बसला होता. त्याच्या त्या सभ्यपणाचाही मला राग आला.

साहेबांनी मागच्या चाकाचं झाकण काढायला लावलं. आत वजनं एका चिंधीने करकचून बांधलेली. बायकोच्या जुन्या रुमालाची चिंधी.

"तुम्ही बांधलीत?" साहेबांनी तिला विचारलं.

"हो, दुसऱ्याच दिवशी. चढावर गिअर सारखा मागेपुढे उड्या मारायचा. पाय घसरून पडले, गुडघा फुटला. घरी सांगितलं, जिन्यावर पडले."

"यांना खरं का नाही सांगितलंत?"

"हे सगळ्यांना कौतुकाने गिअरबद्दल सांगत होते. मन मोडवेना." मग साडूकडे बघून म्हणाली, "आणि यांनी कधी विचारलंच नाही. भावोजींनी विचारलं. ताई, चढावर कसा चालतो, म्हणाले."

साडूच्या गिअरला एक बारीकशी खिटी जास्त होती. वेग जरा कमीजास्त झाला तरी गिअर जागचा हलू न देणारी. माझी हरकत तिथेच निकालात निघाली.

बाहेर आल्यावर साडू म्हणाला, "दादा, मूळ कल्पना तुमचीच. अर्जात तुमचंही नाव घालू या."

त्याचं पेटंट मी एखादवेळी पचवलं असतं. पण माझ्या घरातलं दुखणं त्याला ठाऊक आणि मला नाही, हे काही घशाखाली उतरेना. मी त्याच्याकडे पाठ केली आणि बायकोला विचारलं, "कुठला गुडघा?"

"उजवा," तिच्याआधी साडूच म्हणाला.