सात नंबरचा खांब आणि माझी टकटक

मित्रांनो, हातोडी म्हटलं की तुम्हाला खिळा आठवतो ना? मी जन्मात एकही खिळा ठोकलेला नाही, आणि याचा मला भारी अभिमान आहे! मी एक जुनी, टोपीवाली हातोडी आहे. अकोल्यातल्या एका लेथवर माझं डोकं घडलं, त्यावर नायलॉनची टोपी बसली, आणि तेव्हापासून मी अमरावतीच्या इंजिनिअर आरती मॅडमच्या हातात आहे.

इमारतीखाली जमिनीत काँक्रीटचे लांब खांब गाडलेले असतात. त्यांना पाइल म्हणतात. मॅडम खांबाच्या डोक्यावर मेणानं यंत्राला जोडलेला सेन्सर चिकटवतात आणि मी टक् करते. माझा ठोका तळापर्यंत जाऊन परत येतो. अर्ध्यातूनच परतला, तर समजायचं, आत काहीतरी बिघडलंय. ना खोदायचं, ना फोडायचं!

तरी लोकांना माझी किंमत नसते. भातकुलीला एकानं मला मांडवाची खुंटी ठोकायला नेलं होतं. टोपीवर तो ओरखडा अजून आहे.

पण हिवरखेडनं माझी मान उंच केली. तिथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. जुन्या शाळेच्या भिंतींना अशा भेगा पडल्या होत्या, की चौथीच्या वर्गातून पाचवीचा फळा दिसायचा. म्हणून नवी शाळा बारा खांबांवर उभी राहणार होती. दुसऱ्याच दिवशी खांबांची डोकी काँक्रीटखाली झाकायची होती. एकदा झाकली, की आतली खोट कुणाला दिसणार?

ठेकेदार किसनराव उजव्या पायात गमबूट आणि डाव्या पायात चप्पल घालून फिरत होते. विचारलं की म्हणायचे, "दुसरा बूट कुत्र्यानं नेला."

मी पहिल्या खांबावर पडले. टक् झालंच नाही. थप्प झालं! दुसरा, तिसरा, बाराही खांब, सगळीकडे थप्प. मॅडमच्या यंत्रावर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा. किसनरावांना घाम फुटला. मॅडमनी नखानं खांब खरवडला, तर शेण!

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या गोदाबाई पुढे आल्या. "म्याच सारवले. मॅडम येनार म्हन्लं, मंग पावन्यापुढं खांबं काय उघडे ठेवू?"

मॅडम खो खो हसल्या. मग दोघींनी तारेच्या घासणीनं बाराही डोकी लख्ख केली. आता मी खणखणीत वाजले. अकरा खांब पास! सात नंबरला मात्र ठोका आठ फुटांवरूनच परत आला.

किसनराव उसळले, "ह्या हातोडीचं काय खरं हाय? सकाळी बारा खराब, आता एक खराब. उद्या म्हनसान एकबी नाई!"

लोक हसले. मला असं मेल्याहून मेल्यासारखं झालं! मॅडमनी मला दहा वेळा मारलं. दहाही वेळा तेच उत्तर.

"बाजूनं खोदा," मॅडम म्हणाल्या.

"अन् काई नाई निंगालं तं?"

"तर हातोडी कायमची पेटीत जाईल."

तेवढ्यात गोदाबाई कडाडल्या, "मडकं घेताना आमी टिचकी मारून पायतो. बद् वाजलं तं तिथंच ठेवतो. पान्याच्या मडक्यासाठी एवढं, अन् लेकरायच्या शाळेसाठी नाई? खोदा!"

जेसीबी आला. सहा फूट, सात फूट, खांब सरळ. किसनराव मिशीत हसू लागले. आठव्या फुटाला खांबाची कंबरच गायब! काँक्रीट ओतताना काळी माती आत ढासळली होती. आणि त्या चिखलातून डोकावत होता एक गमबूट. डाव्या पायाचा.

सगळ्यांनी किसनरावांच्या डाव्या पायाकडे पाहिलं. मग गोदाबाई म्हणाल्या, "बापा! कुत्र्यानं लय खोल पुरला, किसनराव!"

त्या हशात मी किती फुगले म्हणून सांगू! सात नंबरच्या दोन्ही बाजूंना नवे खांब भरले. मी ते वाजवले, दोन्ही खणखणीत! आता चौथीतून पाचवीचा फळा दिसत नाही. पाटीवर माझं नाव नाही, पण शाळा सरळ उभी आहे. मला तेवढं पुरे.

मित्रांनो, जमिनीखालचं दिसत नाही म्हणून ते आधी तपासून घ्या. उत्तर कडू लागलं, तर पुन्हा विचारा, पण सांगणाऱ्यावर चिडू नका. आणि हात जोडून एक विनंती. शाळेच्या उद्घाटनाला किसनरावांनी माझ्याच डोक्यानं नारळ फोडला. तेवढं कृपा करून करू नका. टोपी एकच आहे हो माझी!