सयाजीनं मला बैलासारखं पारखलं

मी एक जुनी मोटार बोलतेय. लहानशी, दोन दारांची, जन्म विलायतेतला. सेहेचाळीस साली मी सांगलीच्या हळदपेठेतल्या तात्यांकडे होते. माणूस गोड बोलणारा, पण माझ्या दुखण्यांवर इलाज करण्यापेक्षा पांघरूण घालण्यात हुशार.

मला विकायचं ठरलं तसं त्यांनी फुटक्या रेडिएटरात हळदपूड ओतली, गळती तेवढ्यापुरती थांबली. तळाच्या भोकावर सतरंजी आली. गार असताना मी सुरू व्हायला फार रडते, म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी मला तासभर चालवून ठेवलं.

गिऱ्हाईक होता कवठे महांकाळचा सयाजी. पलटणीत खेचरं सांभाळली, तिथंच जेमतेम मोटार शिकला. त्याच्या बायकोला, राहीबाईला, मोतीबिंदूनं काही दिसेनासं झालं होतं. मिरजेच्या डॉक्टरांनी सोमवारी सकाळी ऑपरेशन ठरवलं होतं. ती वेळ चुकली तर पावसाळ्यानंतर. ऑपरेशननंतर बैलगाडीचे धक्के चालणार नव्हते, म्हणून त्याला मी हवी होते.

सयाजीनं माझ्या बॉनेटवर हात ठेवला.

"आवं तात्या, अंग तापलंय हिचं."

"उन्हानं हो."

"ऊन अजून माडीवरच हाय. निवू द्या, म्या बसतो."

आणि तो खरंच बसला. मी निवले, मग हँडल मारून मारून त्याचा सदरा भिजला. त्यानं चाकं खुरांसारखी हलवून पाहिली, सतरंजी उचलली, रेडिएटरात बोट घालून हुंगलं.

"जखमंवर हळद लावलीया व्हय?"

तात्यांचा चेहराही पिवळा पडला. किंमत उतरली. मला वाटलं, आता हा मला मागं घ्यायला सांगणार आणि माझं खरं बिंग फुटणार. पण सयाजीनंच हात आडवा केला.

"मागं सारू नगा हां. सौद्याच्या वक्ताला जनावर मागं सरलं की बरकत जाती."

"अगदी बरोबर बोललात," तात्या घाईघाईनं म्हणाले. माझा मागचा गिअर दोन वर्षांपूर्वीच मेला होता.

सयाजीनं मला ऐटीत गावी आणलं आणि बोळात, नाक भिंतीला लावून उभं केलं. सोमवारी पहाटे राहीबाई डोक्यावर पदर घेऊन आत बसली. सयाजी दांडा ओढतोय, मी गुरगुरतेय, पण तसूभर मागं सरकेन तर शपथ. त्याच्या कपाळाला घाम फुटला. मला स्वतःची अशी लाज कधीच वाटली नव्हती. शेवटी गोठ्यातली जोडी आणून माझ्या शेपटाला जुंपली.

"बैलंच जुंपायची हुती तर काल गाडीनंच निघालो असतो की," राहीबाई आतून म्हणाली.

वाटेत हळद सुटली. प्रत्येक विहिरीवर पाणी पीत, फुसफुसत, मी धावले; इतकी मनापासून आयुष्यात धावले नव्हते. पोचलो तेव्हा डॉक्टर ऑपरेशनसाठी हात धूत होते.

पट्टी सुटल्यावर राहीबाई बाहेर आली, आणि तिनं मला पहिल्यांदा पाहिलं. पत्रा, पोचे, उडालेला रंग, सगळंच.

सयाजीनं मान खाली घातली. "फसलो म्या."

"फसला कुठं? तुमी दिसाया लागला की मला," ती म्हणाली.

आता मी त्यांच्या छपरात बैलांशेजारी उभी असते. कोंबड्या टपावर बसतात, लोक हसतात, मोडीत घाला म्हणतात. हसा बापडे. माझं एवढंच मागणं, मला मोडीत घालायचं झालं तर आधी राहीबाईला विचारा.