दुसरं दारं कुणी फोडलं

"मेला माझा तरवा! या आता, सगळी मिळून काडी लावा त्याला!"

रोशनी भाबी पाटाच्या कडेनं बोंबलत वर आली तेव्हा मी खाचरात चिखल तुडवत होते. तिच्या मुठीत भाताची रोपं, शेंडे पिवळे पडलेले. आदल्या दुपारची पाळी तिची होती. पाटाच्या पार टोकाला तिचं एकच खाचर, घरात कर्तं माणूस नाही, आणि पाणी काही पोचलंच नाही.

मी मान वर केली नाही. कशी करणार? तिचं पाणी माझ्या पायाखाली होतं.

सांगायलाच बसलेय तर सगळं सांगते. धौलाधारवरचं बर्फ यंदा लवकर संपलं, ओढा निम्म्यावर आला, आषाढ लागला तरी ढगाचा पत्ता नाही. आमच्या पाटाचा कोहली सरवणूताऊ. कुणाला पाणी कधी, कुणाचं दारं बंद कधी, हे त्यानं सांगायचं आणि गावानं ऐकायचं. आदल्या दुपारी तो जेवायला घरी गेला, तेवढ्यात मी पाटाच्या कडेचा चिखल उकरून माझ्या खाचराचं दारं फोडलं. खाचर भिजलं तसं परत लिंपलं. मला काय ठाऊक, वरच्या अंगाला ताऊच्याच थोरल्या लेकानं, केहरनं, तोच उद्योग केलाय! एकानं घेतलं असतं तर भाबीला थोडं तरी मिळालं असतं. दोघांनी मिळून थेंब ठेवला नाही.

भाबी बोंबलत आली त्याच दिवशी ऊन कलल्यावर सगळी पाटाच्या मुखाशी जमली. पाण्याचा तंटा आम्ही घरात बसून सोडवत नाही. ज्याला बोलायचं त्यानं पायातलं काढून पाटात उतरायचं, मग बोलायचं. कबूल केलं की एक पाळी जाते आणि विषय संपतो.

ताऊ म्हणाला, "दोन दारं फुटली हुती. सकाळीच बघितली म्या. ज्यांनी फोडली त्यांनी उतरा."

केहर आभाळ बघत होता. मी ओढणीचं टोक चघळत होते.

मग ताऊच उतरला. "एक दारं माझ्या केहरनं फोडलं. आमची पाळी भाबीला द्या."

"बा!" केहर ओरडला. "गप बसला असता तर कुणाला कळलं असतं?"

"मला कळलं हुतं की."

"आणि दुसरं?" हे माझ्याच नवऱ्यानं, प्यारचंदनं विचारलं. त्या बापड्याला काहीच ठाऊक नव्हतं.

"दुसऱ्याचं दुसऱ्यानं बोलावं. म्या माझ्या घरापुरतं बोललो."

माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. पण तो जाणून होता. दारं लिंपताना मी खाली नेच्याची पानं अंथरते, मग चिखल दाबते. ही माझ्या माहेरची रीत, गावात दुसरं कुणी तसं करत नाही. चोरी करतानाही हाताची सवय सुटली नाही, बघा.

तेवढ्यात ज्ञानू उसळला. दर साली पाणी पळवणारा हाच! "कोहलीच्याच घरात चोर! दुसरं दारंबी ह्यांचंच असंल. काढा ह्याला!" गावाला तेवढंच पाहिजे होतं. ताऊच्या खांद्यावरचं कोहलीचं फावडं काढून घेतलं आणि दिलं कुणाला? प्यारचंदला! सरळ माणूस म्हणून. माझा नवरा फुलून घरी आला, मी त्याला मक्याची भाकरी वाढली आणि तोंडातून शब्द काढला नाही.

पण त्याचं फुलणं दोन दिवस टिकलं नाही. तो सांगायचा, "सोडलंय पाणी, येतंय." लोक हो म्हणायचे आणि सरळ ताऊच्या अंगणात जायचे. "ताऊ, खरंच सोडलंय का?" ज्ञानूसुद्धा! ज्याला काढलं त्यालाच विचारायला जायची लाज नाही मेल्यांना.

"म्या कधी खोटं बोललो का गं, ब्यासो?" प्यारचंद मला विचारायचा. "मग माझ्यावर का न्हाई इश्वास?"

माझा नुसता जळफळाट. शेवटी तावातावानं ताऊकडं गेले. तो दोर वळत बसला होता.

"तुमाला माझं नाव घ्यायला काय झालं हुतं? सुटले असते एकदाची!"

"घेतलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"न्हाई म्हणाले असते."

"मग? एका खोट्याची दोन झाली असती." आणि पुन्हा दोराकडं वळला. असा राग आला मला त्या म्हाताऱ्याचा! आणि त्याहून जास्त माझा.

दुसऱ्या दिवशी पाळ्या ठरवायला सगळी जमली, तेव्हा मी चप्पल काढली आणि उतरले. पाणी पोटऱ्यांना चावत होतं.

"दुसरं दारं म्या फोडलं. माझ्या नवऱ्याला ठाऊक न्हवतं."

प्यारचंदचा चेहरा मला बघवला नाही. ज्ञानू हसला. "सोंग बघा सोंग! म्हाताऱ्याला परत बसवायचंय व्हय?"

"माझा निम्मा तरवा मेल्यावर सुचलं तुला?" रोशनी भाबी कडाडली. "त्या दिशी तोंड शिवलं हुतंस का? कशावरनं खरं?"

मी नेच्याची पानं सांगितली, वेळ सांगितली, पोरांची शपथ घेतली. कुणी मानायला तयार नाही. पाय बधीर झाले, डोळ्यांत पाणी आलं. गप्प राहून खोटं वागले तेव्हा सगळ्यांनी मुकाट गिळलं, आणि आता खरं बोलतेय तर ही तऱ्हा!

भाबी मागं वळली. गर्दीच्या कडेला ताऊ उभा होता.

"ताऊ, तुमी सांगा. खरं बोलतीय का ही?"

"खरं बोलतीय," ताऊ म्हणाला.

तेवढंच. पुढं कुणी काही विचारलं नाही. ज्ञानूनं खाली बघितलं. भाबीनं प्यारचंदच्या हातातलं फावडं ओढून घेतलं.

"नीघ भाईर," ती मला म्हणाली. "तुजं दारं लिंपायला चल. आजची तुजी पाळी आता माझी."