बंकटच्या वाटणीचं बोटभर

बंकट मेला त्याला वर्ष होत आलं होतं, तरी दर आठवड्याला तो बोटभर व्हिस्की पीत होता आणि त्यात कुणाला फारसं वावगं वाटत नव्हतं. परळीत माणसं याहून अवघड गोष्टींना सरावलेली आहेत. इथं सकाळी वाळत घातलेलं पांढरं धोतर थर्मल वीजकेंद्राच्या राखेनं दुपारपर्यंत करडं होतं, आणि माणूस तेच नेसून लग्नाला जाऊन येतो. त्यामानानं मेलेल्या माणसानं आपल्या वाटणीचं पिणं काहीच नाही.

मंडळाचं नाव 'अस्सल'. सभासद चार, त्यांतला एक मयत. त्याला व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढायचं कुणाच्याही मनात आलं नाही, आणि आलं असतं तरी काढता आलं नसतं, कारण ॲडमिन तोच होता. उरलेल्यांत विजयसिंह मोठे बागायतदार, जिल्हा परिषदेला एकदा पडलेले, म्हणून त्यांना सगळे बापू म्हणत. परमेश्वर थर्मलमध्ये कामाला. आणि भागवतचा राखेच्या विटांचा कारखाना. बंकटचं खता-बियाण्याचं दुकान होतं. दुकानाच्या वरच्या खोलीत दर रविवारी चार वाजता हे चौघं बसत. आपण काय पितोय, पुढं काय घ्यायचंय, कुणाच्या मेव्हण्यानं विमानतळावरून काय उचललं, हे सगळं बाटलीच्या फोटोसकट आणि बॅच नंबरासकट मांडलं जाई. पिणं त्यामानानं कमीच व्हायचं. विजयसिंह मोबाईलवर बघून बघून चवीचं वर्णन शिकले होते. प्रत्येक घोटाला ते 'पीच' म्हणत. पीच हे फळ परळीत कुणी खाल्लेलं नसल्यामुळं वाद होत नसे.

बंकटचं तसं नव्हतं. त्याची जीभ म्हणजे तालुक्याचा ऐवज. घोट तोंडात धरायचा, मान वर करून पंख्याकडं बघायचं आणि सांगायचं. "सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढताना येतो तो वास. मागून कोरी पाटी ओली केल्यावानी." किंवा, "बंद पडलेल्या जिनिंगमधली सरकी. लई जुनी. उंदरं लागलेली, पण चांगल्या घरची उंदरं." त्यानं नकली म्हटलं की बाटली नकली. मालक तिथंच बसलेला असला तरी.

भागवतला मात्र कशातलं काही कळायचं नाही. त्याला सगळ्या बाटल्या सारख्याच लागत. वासासाठी नाक खुपसायचं, डोळे मिटायचे आणि बापूंच्या मागून 'पीच' म्हणायचं, एवढ्यावर त्यानं सहा वर्षं काढली होती. हे फक्त बंकटला ठाऊक आहे, असं त्याला वाटायचं.

म्हणूनच बंकटच्या भावानं सिंगापूरहून अठरा वर्षांची बाटली पाठवली, तेव्हा बंकटनं ती भागवतकडं ठेवायला दिली. घरी ठेवली असती तर छबुबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, मोरीत ओतली असती. "तुझ्याकडं ठेव," तो म्हणाला. "तुझी जीभ मेलेली हाय. तुझ्याकडून धोका न्हाई."

हे वाक्य भागवतच्या मनात कुसळासारखं रुतलं. दीड महिन्यानं त्यानं बाटलीचं सील फोडलं. लबाडीसाठी नव्हे, त्याला फक्त बघायचं होतं की अठरा वर्षांत नेमकं काय होतं. काही कळलं नाही. कळेना म्हणून पुन्हा बोटभर घेतली. जितकी कमी झाली तितकी त्यानं बसस्टँडच्या दुकानातल्या चपटीनं भरून काढली. पुढल्या आठवड्यात पुन्हा बघितलं, पुन्हा भरली. असं अकरा महिने चाललं. शेवटी शेवटी बाटलीत अठरा वर्षांचं नुसतं लेबल उरलं होतं.

मग बंकटला कावीळ झाली, ती उतरेना, आणि संभाजीनगरच्या डॉक्टरांनी त्याला घरी न्यायला सांगितलं. घरी आल्यावर त्यानं एकच गोष्ट मागितली. आपली बाटली. छबुबाईसुद्धा नाही म्हणाली नाही.

भागवतनं दोन दिवस दुसरी तसली बाटली मिळते का बघितलं. मिळाली नाही. तिसऱ्या दिवशी आहे ती घेऊन गेला. छबुबाईनं चमच्यानं बंकटच्या तोंडात घातली. बंकटनं ती बराच वेळ तोंडात धरली. पंख्याकडं बघितलं. मग भागवतकडं बघितलं.

"बरी हाय," तो म्हणाला.

एवढंच. ज्या माणसानं गावठी रमवरसुद्धा चार-चार ओळी सांगितल्या होत्या, तो अठरा वर्षांच्या बाटलीवर दोन शब्द बोलला आणि तिसऱ्या दिवशी गेला.

तेराव्याला भागवतनं बुंदीचा लाडू तोंडात घातला आणि त्याला जुन्या खताच्या पोत्याचा वास आला. त्याला वाटलं, लाडू खराब. घरी येऊन चहा घेतला तर चहात सायकलची ट्यूब. भाकरीत सरकी. स्वतःच्या ताटातलं काय काय कशाकशासारखं लागतंय हे त्याला एकाएकी कळू लागलं, आणि कळायचं ते सगळं बंकटच्या शब्दांत. बायको बबिता विचारायची, आमटी कशी झालीय, आणि त्याच्या तोंडून निघून जायचं, की देवळाच्या घंटेला हात लावून तोच हात हुंगल्यासारखी. बबितानं कपिलधारच्या देवाला नवस बोलला.

ग्लासाचं प्रकरण त्यानंतरचं. पहिल्या रविवारी मान म्हणून त्यांनी बंकटच्या खुर्चीसमोर त्याचा ग्लास ठेवला, त्यात बोटभर ओतली आणि खोलीला कुलूप लावून गेले. पुढच्या रविवारी ग्लास कोरडा. परमेश्वर शास्त्राचा माणूस. तो म्हणाला, उडून गेली असेल. त्यानं शेजारी दुसरा ग्लास ठेवला, त्यातही तेवढीच ओतली. पुढच्या रविवारी दुसरा ग्लास होता तसा, वर राखेची बारीक साय. बंकटचा रिकामा, आणि कोरड्या बुडाला राख नाही. थर्मलमध्ये मीटर दोन वेळा तोच आकडा दाखवतो तेव्हा मानावा लागतो, असं परमेश्वरनं कबूल केलं.

महिन्याभरानं बापूंनी हैद्राबादच्या एका माणसाकडून घेतलेली बाटली ओतली. ती तशीच राहिली. दोन आठवडे. माशी पडली, तरी तशीच. मग झाकण नीट बघितलं, तर आतली कडी आधीच तुटलेली. कुणीतरी रिकाम्या बाटलीत भलतंच भरून विकलं होतं.

भीती वाटायला हवी होती, पण बापूंच्या मनात पहिल्यांदा आली ती सोय. "जीभ अजून चालू हाय त्याची," ते म्हणाले.

तेव्हापासून बंकटला पुन्हा काम लागलं. अंबाजोगाईचा डॉक्टर यायचा, केजचा ठेकेदार यायचा. युसूफ वडगावचा एक शेळ्यांचा व्यापारी सौद्यात भेट मिळालेली बाटली गमछ्यात गुंडाळून घेऊन आला. तो म्हणाला, शेळीचं वय मी दात बघून सांगतो, पण हिला दात न्हाईत. रविवारी ओतायची, पुढच्या रविवारी निकाल. बंकट जिवंतपणी कधी एवढा वक्तशीर नव्हता. खोलीची चावी बापूंनी स्वतःच्या कमरेला लावली.

वर्षभरात भागवतनं त्या ग्लासात एकदाही ओतलं नाही. तो खुर्चीकडं पाठ करून बसायचा. पाठ केली की मानेवर पंख्याचा वारा लागायचा. पंखा बंद असायचा.

वर्षश्राद्ध झालं त्या रविवारी छबुबाई वर आली. त्या खोलीत ती कधी येत नसे. हातात धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिनं फडकं सोडलं आणि भागवतनं बाटली ओळखली. अठरा वर्षांची. चमचाभर सोडली तर भरलेली.

"ह्यांची हाय, ह्यांनाच द्या," ती म्हणाली. मग भागवतकडं वळली. "भावजी, तुमी आणली त्या दिसापासून कुणाला चाखू दिली न्हाई त्यांनी. मला म्हणले, भागवतनं आणलीया, ही दुसऱ्याच्या तोंडाला लागू दिऊ नको."

बापूंनी बाटली डोळ्यांना लावली. परमेश्वरनं फोटो काढून ग्रुपवर टाकला. भागवतनं सुचवून बघितलं की अशी वस्तू गंगेला, म्हणजे गोदावरीला सोडणं बरं, राक्षसभुवनला, अस्थी सोडल्या तिथं. बापू म्हणाले, गंगेनं कधी बॅच नंबर विचारला होता काय. त्यांनी ग्लासात बोटभर ओतली, बाटली शेजारी ठेवली, कुलूप लावलं.

पुढचे सात दिवस भागवतनं नीट झोप घेतली नाही. ग्लास भरलेला राहिला की सगळ्यांना कळणार, मरत्या माणसाच्या तोंडात त्यानं काय घातलं ते. छबुबाईला कळणार. तिनं स्वतःच्या हातानं, चमच्यानं भरवलेलं. दोन वेळा तो दुकानावरून गेला. वरच्या खिडकीला राख बसलेली, आतलं काही दिसेना. कुलूप तोडून ग्लास सांडावा असं मनात आलं, पण सांडला तरी बाटली होतीच. गुरुवारी बबिता त्याला नवसाच्या दर्शनाला कपिलधारला घेऊन गेली. धबधब्याखाली त्यानं ओंजळभर पाणी प्यायलं, आणि पाणी लागलं कोरी पाटी ओली केल्यासारखं. तो तिथंच दगडावर बसला. आजूबाजूच्या भाविकांना वाटलं, माणूस भक्तीनं रडतोय. एकीनं त्याला केळं दिलं. केळ्यात पंक्चर होतं.

रविवारी बापूंनी कुलूप काढलं.

ग्लास कोरडा होता. शेजारची बाटलीही कोरडी होती. बूच होतं तसं घट्ट, वर राख बसलेली, राखेवर कुणाच्या बोटाचा ठसा नाही. आत थेंब नाही.

परमेश्वर खाली बसला. बापूंनी बाटली उलटी केली, हलवली आणि हात जोडले. आजवर तो बोटभर पीत होता. ही अख्खी बाटली प्याला, म्हणजे माल किती अस्सल असेल. छबुबाईला खालून बोलावून दाखवलं. तिनं पदर डोळ्यांना लावला. म्हणाली, बरं झालं, तृप्त झाले.

भागवतनं ते ऐकलं आणि मग त्याला राहवेना. ती खाली गेल्यावर तो उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. अकरा महिने, बोटबोट, बसस्टँडची चपटी. काही लपवलं नाही.

दोघांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बंकट नकली पितो व्हय बे?" बापू म्हणाले.

"मी स्वतः भरली बापू. माझ्या हातानं."

"तू भरली आसशील. पण तू काय भरली हे तुला कावून कळावं? तुझी जीभ मेलेली हाय. बंकटच सांगायचा."

परमेश्वर हळूच म्हणाला की बसस्टँडच्या दुकानात चुकून अठरा वर्षांचा माल चपटीत येत असेल, चौकशी करायला हरकत नाही. भागवत म्हणाला, चाखून बघा म्हणजे कळंल. पण चाखायला काही उरलंच नव्हतं. बंकटनं पुरावा बुडापर्यंत पिऊन टाकला होता. खुर्ची रिकामी होती, आणि भागवतला वर्षभरात पहिल्यांदा तिच्याकडं तोंड करून बसावं लागलं.

त्या रविवारनंतर ग्लास कधी कमी झाला नाही. डॉक्टरची बाटली तशीच राहिली, ठेकेदाराची तशीच. बापूंनी पक्क्या बिलाची ओतून बघितली; आठ दिवसांत तिच्यावर साय धरली. बंकटनं पिणं सोडलं असेल, हे कुणी मनावर घेतलं नाही. मंडळानं बैठक घेतली आणि ठराव केला की अस्सल माल आता परळीत येतच नाही. ठराव ग्रुपवर टाकला. बंकटच्या नावापुढं दोन निळ्या खुणा आल्या.

भागवतची जीभ मात्र गेली नाही. आता त्याला घोटाबरोबर कळतं, कुठल्या बाटलीत काय आहे आणि काय नाही. कुणी विचारत नाही, म्हणून तो सांगत नाही.

परवा बापूंच्या लेकीचं, राजनंदिनीचं लग्न ठरलं. व्याह्यांनी आहेरात बाटली दिली होती, लाकडी खोक्यातली. बापूंनी ती तशीच वर आणली, सगळ्यांच्या आधी भागवतला दिली. "तू तरी म्हण काहीतरी," ते म्हणाले. पोरीच्या नावानं फुललेला त्यांचा चेहरा भागवतच्या समोर होता.

भागवतनं घोट तोंडात धरला. बसस्टँड. चपटी. वर साखर जाळून घातलेला रंग.

त्यानं मान वर करून पंख्याकडं बघितलं. पंखा बंद होता आणि हळूहळू फिरत होता.

"बरी हाय," तो म्हणाला.