हवेचा का स्प्रिंगचा

शेतांत कापूस फुटू लागला तेव्हापासून तेलंगणातल्या उटनूरच्या दौलत मास्तरांच्या घरात एकच विषय चालला होता. मैत्रीच्या सायकलला पुढचा, धक्के झेलणारा फोर्क कोणता बसवायचा? तिचा भाऊ हर्षदीप आंघोळ करून ओसरीवरच्या खुर्चीत येऊन बसायचा, कुबडी भिंतीला टेकवायचा आणि मोबाइल उघडायचा, तो जेवणाची हाक येईपर्यंत. हवेचा फोर्क हलका, पण त्यातली हवा सांभाळावी लागते. स्प्रिंगचा जड, पण दणकट. कमी दबणारा घ्यावा तर उतारावर हात सोलवटून निघतात, जास्त दबणारा घ्यावा तर चढावर सायकल डोकं वर काढते. चंद्रभागाबाईंना यातलं अक्षरही कळत नव्हतं. त्या फोर्कला 'शॉकप' म्हणायच्या. पण पोरगा बोलतो आहे, हातवारे करतो आहे, एवढं त्यांना पुरे होतं. भाकरी थापता थापता त्या मुद्दाम विचारायच्या, "मंग, ठरला का बापा शॉकप?" की पुन्हा पहिल्यापासून सुरू.

"मैत्री, तू सांग ना. तुले काय वाटते?" हर्षदीप बहिणीला विचारायचा.

"तू म्हणशील तो, दादा."

"माह्या म्हणण्यावर नको जाऊ. चालवाची तुले आहे."

पण ती तोंड उघडायच्या आत त्याचा पुढचा व्हिडिओ लागलेला असायचा.

सायकल मुळात त्याचीच. जंगलातल्या पायवाटा त्याला तळहातासारख्या पाठ होत्या, आणि अशाच एका वाटेनं उतरताना, नाल्याच्या वरच्या वळणावर, तो पडला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनं झाली, कुबडी आली, आणि पोराची वाचा गेल्यासारखी झाली. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मित्र येऊन बसून निघून जायचे. मास्तर शाळेतून आले की आधी बायकोच्या चेहऱ्याकडे बघायचे, ती मान हलवायची, आणि ते चप्पल काढायचे.

मग एका सकाळी, उंदरांनी सीट कुरतडली म्हणून मैत्रीनं सायकल बाहेर काढली आणि सहज अंगणात एक फेरी मारली. खिडकीतून आवाज आला, "सीट उंच होते तुले. खाली कर."

चंद्रभागाबाई हातातलं सूप तिथंच टाकून धावत आल्या. त्या दिवशी घरात शिरा झाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला तळ्यापर्यंत जायला सांगितलं, मग टेकडीपर्यंत, मग जंगलात. बघता बघता मैत्री सायकलपटू झाली. एका छोट्या शर्यतीत तिचा नंबरही आला. वर्तमानपत्रात फोटो आला, तो हर्षदीपनं जपून ठेवला. आता हैदराबादकडची मोठी शर्यत, तिथून राज्याचा संघ, असं त्यानं सगळं मांडून ठेवलं होतं. मैत्री एका शाळेत लहान मुलांना शिकवायची. ते काम तिला मनापासून आवडायचं, पण घरात त्याची चौकशी कुणी करत नव्हतं. एकदा तिनं आईजवळ सायकल सोडायचा विषय काढून पाहिला, तर आईनं तिचा हात धरला. "सोडू नको वं बाई. त्याचा जीव तुह्या सायकलीत हाय."

त्यानंतर मैत्रीनं तो विषय काढला नाही.

कुणाला ठाऊक नव्हतं ते असं होतं. नाल्याच्या वरचं ते वळण आलं की मैत्रीचे हात आपोआप ब्रेकवर आवळायचे. ती खाली उतरायची, सायकल हातात धरून सागाच्या पाचोळ्यातून चालत खाली जायची आणि नाला ओलांडल्यावर पुन्हा बसायची. रोज. रोज निघताना ती ठरवायची की आज उतरायचं नाही, आणि रोज उतरायची. हर्षदीपनं तिच्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं होतं, त्यात रस्ता आणि वेग दोन्ही उमटायचे. तो संध्याकाळी ते बारकाईनं बघायचा.

"इथं काऊन वेग मरते तुहा?" त्यानं एकदा विचारलं. "नाल्याच्या वर?"

मैत्री चाकावरचा चिखल खरवडू लागली.

"शॉकप जुना झाला," तोच म्हणाला. "दगडावर दम सोडून राह्यला असंन. बरोबर ना?"

एवढा सोपा रस्ता समोर आला आणि तिनं तो घेतला. "हो दादा. दाबला का वरच येत नाही."

तिथून हे नव्या फोर्कचं सुरू झालं. आपल्या एका वाक्यानं आपणच दाराला बाहेरून कडी लावून घेतली, हे तिला हळूहळू कळत गेलं. नवा फोर्क आला की वळणावर उतरायला कारण उरणार नव्हतं.

एका रविवारी मास्तरांनी जीप ठरवली. सायकल मागे टाकून मास्तर आणि दोघं भावंडं असे तिघं आदिलाबादला गेले. दुकान राजकुमारचं. तो वांकिडीकडचा, मराठी बोलणारा, हर्षदीपचा जुना ओळखीचा. त्यानं दोन फोर्क काढून काउंटरवर ठेवले. हर्षदीपनं ते हातात घेतले, नळ्यांवरून बोट फिरवलं, आणि इतक्या महिन्यांत प्रथमच त्याच्या चेहऱ्यावर जुना हर्षदीप दिसला. मास्तर तिकडे न बघता बाहेरच्या रस्त्याकडे बघत उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"ताई कुठं चालवतात?" राजकुमारनं विचारलं.

"जंगलात. उतार हाय, दगडगोटे हायेत," हर्षदीप म्हणाला.

"उतारावर जोरात जातात का जपून?"

"जोरात. हवेचाच बसव, अन्ना. थोडा कडक ठेवजो."

"वजन? त्या हिशेबानं हवा भरा लागते."

"पंचाहत्तर," हर्षदीप नळीवरून नजर न काढता बोलला.

राजकुमारनं एकवार मैत्रीकडे पाहिलं, पण गिऱ्हाईक ठामपणे सांगतं आहे म्हटल्यावर तो कामाला लागला. जुना फोर्क निघाला, नवा बसला, पंपानं हवा भरली. मैत्री बाजूला स्टुलावर बसून पाहत होती. पंचाहत्तर किलो म्हणजे दादाचं पडायच्या आधीचं वजन, हे तिला लगेच कळलं होतं. बोलावं का? बोललं तर काय होईल? तिच्या डोळ्यांपुढे भिंतीकडे वळलेली ती पाठ आली.

"बस वं," हर्षदीप म्हणाला. "दाबून पाह्य."

ती सायकलवर बसली. हँडलवर सगळा भार टाकला. फोर्क तसूभर हलला नाही. तिनं पुन्हा जोर लावला. जणू लोखंडाच्या खांबावर रेलून उभी होती.

"असा काऊन करते हा?" हर्षदीप कुबडी टेकत पुढे आला. "अन्ना, जाम हाय का?"

"जाम नाही. तुमी सांगतल्या वजनाची हवा भरली."

हर्षदीपनं बहिणीकडे पाहिलं, तिच्या काटकुळ्या मनगटांकडे पाहिलं. त्याच्या तोंडावरचा रंग उतरला.

"चुकून निंगालं तोंडातून," तो म्हणाला. "कमी कर हवा, अन्ना."

"नको," मैत्री म्हणाली. आपण बोलतो आहोत हे तिलाच खरं वाटेना. "दादा, जुना शॉकप चांगला होता. मी खोटं बोलली. त्या वळणावर मी खाली उतरते. पायी जाते. मले भेव लागते."

"रोज?"

"रोज."

"अन् मी घरी बसून..." मग एकदम आवाज चढला. "सांगाले काय झालं होतं तुले? मी का वाघ हाय?"

"तू बोलणं बंद केलं असतं."

मास्तरांनी राजकुमारला हलक्या आवाजात जुना फोर्क परत बसवायला सांगितलं. येताना जीपमध्ये हर्षदीप खिडकीबाहेर बघत होता, आणि मैत्री त्याच्या मानेकडे.

ज्याची भीती होती तेच झालं. तो पुन्हा भिंतीकडे वळला. ओसरीवरची खुर्ची रिकामी राहू लागली. चंद्रभागाबाई ताट आत नेऊन ठेवायच्या आणि अर्धं भरलेलं परत आणायच्या. "राह्यली असती गप तर काय बिघडलं असतं?" त्या चुलीपुढे बसून म्हणाल्या, मैत्रीकडे न बघता. मैत्री शाळेत जायची, पोरांना गाणी शिकवायची, आणि घर जवळ आलं की तिची पावलं जड व्हायची. एकदा तर तिनं सायकल काढली आणि थेट वळणापर्यंत गेली. आज न उतरता खाली जायचं, आणि घरी जाऊन सांगायचं. वर बराच वेळ उभी राहिली. नाल्यात गुरं पाणी पीत होती. मग ती सायकलवरून उतरली, आणि या वेळी पुढे न जाता मागे फिरली.

घरी येऊन ती सरळ त्याच्या खोलीत गेली आणि खाटेच्या कडेला बसली.

"दादा, मी शर्यतीत जात नाही. तू बोल का नको बोलू."

ती उठली नाही. अंगणात उन्हात वाळत घातलेल्या ज्वारीवर चिमण्या उतरत होत्या, आई त्यांना हाकलत होती. भिंतीकडे तोंड ठेवूनच तो बोलला.

"मले त्या वळणाच्या आधीचं सगळं आठवते. नंतरचं काईच नाही. एकदम दवाखानाच. तुहा रस्ता मी मोबाइलवर पाह्यत होतो ना, तर तू नाला पार केला का मले वाटे, झालो एकदाचा पार. रोज वाटे."

"मी तर चालत जात होती," ती म्हणाली.

"हो ना."

त्यानं कूस बदलली. डोळे लाल होते. तो रागावलेलाच होता, अजूनही, आणि ते त्यानं लपवलं नाही. "आता मी काय पाहू दिवसभर?" त्यानं विचारलं. त्यात काकुळत नव्हती. त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

"मले बी नाही माईत," मैत्री म्हणाली.

बाहेरून आईनं चहा झाल्याची हाक दिली. हर्षदीप उठून बसला. मैत्रीनं कुबडी पुढे केली, ती त्यानं तिच्या हातातून घेतली नाही. भिंतीचा आधार घेत, एकेक पाऊल टाकत तो दारापर्यंत गेला आणि तिथं दम खायला थांबला. मैत्री त्याच्या मागे उभी राहिली. दारातून पुढं जायला जागा नव्हती, आणि त्याला बाजूला हो म्हणायची तिला घाई नव्हती.