आबांच्या पोकलेनचं पाणी

मुलुंडच्या साईटवर आबांचं पोकलेन आठवड्यात तिसऱ्यांदा तापून बंद पडलं आणि त्यांच्या थोरल्या मुलाने, राजेशने, बोरीवलीहून फोनवरच निकाल दिला. इंजिन खोलावं लागत असेल, तर मशीन सरळ भंगारात. चार वाजता भंगारवाल्याचा माणूस बघायला येईल.

आबांना जाऊन दोन महिने झाले होते. त्यांच्यामागे त्यांचं असं हलतं-फिरतं एवढं एकच धूड उरलेलं. म्हणून धाकटी मुलगी अनुपमा ग्रंथालयातून अर्धी रजा टाकून आली होती.

मेकॅनिक गुणाजीने रेडिएटरचं झाकण काढून आत बोट बुडवलं. बोटाला तपकिरी, सायीसारखा थर आला.

"पाण्यात ऑइल उतरलंय. गॅसकेट गेलं. इंजिनचं हेड खोलायचं."

"इंजिन ऑइलची डिपस्टिक बघितलीस?"

"ताई, तुम्ही पुस्तकं लावा ना कपाटात."

"बघ तर."

डिपस्टिकवरचं ऑइल ठीक होतं, पाण्याचा अंशही नाही. गुणाजीने मान खाजवली. "मग ऑइल कूलर फुटला असेल."

अनुपमाने रेडिएटरचं पाणी रिकाम्या बाटलीत भरलं आणि सावलीत ठेवलं. आबा असंच करायचे. "ऑइल असेल तर वर येईल."

"आणि देव असेल तर दर्शन देईल," म्हणून गुणाजी शेजारी उकिडवा बसला.

पाऊण तास दोघं बाटलीकडे बघत होते. वर काही आलं नाही. तळाशी मात्र पांढरट कण बसले. पेपरावर टाकलेला थेंब वाळला, पण तेलकट डाग उमटला नाही. अनुपमाने बाटली नाकाशी धरली.

"गुणाजी, ऑइलला आल्याचा वास येतो का रे?"

त्याने पाणी फडक्यातून गाळलं. फडक्यावर चहाची पूड उरली.

दोघांनी एकदमच धाकूमामांकडे पाहिलं. वीस वर्षं आबांचे ऑपरेटर असलेले मामा एवढा वेळ एकच नट पुसत होते.

"मामा, काय घातलंत यात?"

"चाय," मामा नटाकडे बघतच म्हणाले. "टपरीवाल्याक सवय. अजून दोनच धाडता. एक माझी, एक आबांची. ओतून कशी टाकू?"

"म्हणून रेडिएटरमध्ये?"

"मशीनीक दुसरा तोंड खंय आसा?"

गुणाजी खो-खो हसत सुटला. "मामा, खारी पण घालायची ना." अनुपमाही हसली, मग पदराशी काहीतरी शोधत पाठमोरी झाली. गुणाजीने तेवढ्यात पाना उचलला आणि पाणी सोडायला मशीनखाली सरकला. दोन-तीनदा धुऊन नवं कूलंट भरलं की झालं, असं तो खालूनच ओरडून सांगत होता.

तिने राजेशला फोन लावला.

"काय निघालं?"

"इंजिन ठीक आहे. दूध फाटलंय."

तिने सगळं सांगितलं.

"आबांचा चहा बिनसाखरेचा होता ना? डॉक्टरांनी सांगितलेला?"

"थांब." तिने मामांना विचारलं. मामांनी नाइलाजाने तीन बोटं वर केली. "तीन चमचे, दादा."

"लबाड म्हातारा," राजेश म्हणाला. मग तो खाकरला. "गुणाजीला सांग, वॉटर पंप पण खोलून बघ म्हणावं. साखरेने चिकटला असेल. चारवाल्या माणसाला मी नको म्हणून कळवतो."